ड्रायव्हरचा फोन माझ्या मांडीवर

आमच्या व्हॅनमध्ये मिस्ड कॉलची एक भाषा होती आणि ती मीच तयार केली होती. एक रिंग म्हणजे घरातून निघाले, थांबा. दोन रिंगा म्हणजे आज रजा, थांबू नका. तीन म्हणजे उशीर होतोय पण येतेय, सोडून जाऊ नका. हे मी वहीच्या एका पानावर लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि सातही जणांना वाटल्या. व्यवस्था मला अगदी बिनचूक वाटत होती. फक्त ज्याच्या फोनवर या रिंगा वाजणार तो माणूस त्या वेळी गाडी चालवत असतो, एवढी एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

पालघर जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. माझी बदली तलासरीच्या एका सरकारी कचेरीत झाली होती आणि घर डहाणूला होतं. एसटीच्या वेळा कचेरीच्या वेळेशी जुळत नव्हत्या. म्हणून तलासरीकडे नोकरीला जाणाऱ्या आम्ही सात जणांनी मिळून एक व्हॅन महिन्याने ठरवली. चौघं डहाणूला बसायचे, दोघं आशागडला, एक गुरुजी चारोटीला. आशागड, गंजाड, चारोटी आणि तिथून हायवेने तलासरी, असा रस्ता. संध्याकाळी तोच उलटा. त्या वर्षांचं काही आठवायला बसले की कचेरीतल्या फायली आठवत नाहीत. व्हॅनमधला वास आठवतो. डब्यांचा, फिनेलचा, आणि हंगामात चिकूचा, कारण कोणी ना कोणी पिशवी भरून घेतलेली असायचीच.

पुढची सीट सरांची. हे गणिताचे सर, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. वयाने मोठे म्हणून ती जागा त्यांना आपोआप मिळाली होती आणि त्यांनी ती कोणाला कधी देऊ केली नव्हती. मधल्या सीटवर मी आणि सिस्टर. सिस्टर आरोग्य उपकेंद्रात होत्या, माझ्याच वयाच्या, बोलायला फटकळ. ड्रायव्हर गंजाडचा, तिशीच्या आतबाहेरचा. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. आम्हाला तलासरीत सोडून तो दिवसभर गुजरातच्या हद्दीकडे वेवजी, उंबरगाव अशा फेऱ्या मारायचा आणि संध्याकाळी आम्हाला घ्यायला यायचा. आमच्याशी मराठी, उंबरगावच्या गिऱ्हाइकांशी गुजराती आणि घरी फोनवर स्वतःची बोली. तिन्हींत तो तितक्याच भरभर बोलायचा.

त्या सकाळी आम्ही गंजाड सोडून चारोटीकडे चाललो होतो. डॅशबोर्डवर ठेवलेला फोन वाजला आणि थांबला. चारोटीच्या गुरुजींचा मिस्ड कॉल. एक रिंग झाली की दोन, म्हणजे गुरुजींसाठी थांबायचं की नाही, हे बघायला त्याने फोन उचलला. वर बघितलं तेव्हा समोर चिकूचे क्रेट लादलेला टेम्पो उभा होता. ब्रेक लागला. टेम्पो आणि आमच्यात हातभर अंतर राहिलं. कोणाला काही झालं नाही, पण सिस्टरचा डबा उडाला आणि सरांच्या पाठीवर वरण सांडलं.

"गरम होतं का?" मागून कोणीतरी विचारलं.

"तुला वाढू का?" सर म्हणाले.

हसणं ओसरल्यावर सिस्टरनी विषय काढला. "भाऊ, आज वरण सांडलं. उद्या रक्त सांडेल. यापुढे गाडीत बसलास की फोन बंद."

"फोन बंद नाय होणार, सिस्टर."

"मग सायलेंटवर ठेव."

"सायलेंट पण नाय."

"मग आम्ही गाडी बदलू."

"बदला," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. हा माणूस एरवी आम्ही सांगू तिथे थांबायचा, सरांची जुनी गाणी निमूट ऐकायचा. हे उत्तर आम्हाला कोणालाच अपेक्षित नव्हतं.

पुढचे चार दिवस जाता येता हाच वाद. सरांचं म्हणणं असं की कानात वायर घालू द्या, हात मोकळे राहतात, प्रश्न मिटला.

"हात मोकळे राहतील, सर. डोकं?" सिस्टर म्हणाल्या.

"विमानाचे पायलट बोलतात की कंट्रोल रूमशी!"

"पायलटच्या पुढ्यात म्हैस आडवी येत नाही."

"मग शेजारच्याशी बोलणंही बंद करा. मी दोन वर्षं याच्याशी बोलत आलोय."

"तेवढं जरी बंद झालं तरी पुष्कळ झालं," मागच्या सीटवरून आवाज आला.

मी म्हटलं, शेजारी बसलेल्याला समोरचा ट्रक दिसतो, तो आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. सर म्हणाले, हा मुद्दा चांगला आहे, पण सिद्ध झालेला नाही. कायदा काय म्हणतो, दंड किती, पोलीस चारोटीला उभे असतात की नाही, हे सगळं झालं. ड्रायव्हर मात्र त्या चार दिवसांत एक शब्द बोलला नाही. वाद त्याच्या फोनवर, त्याच्या गाडीत, आणि तो गिअर बदलत होता.

शेवटी मी एका कागदावर पाच नियम लिहिले. पहिला, गाडी चालू असताना चालक फोन घेणार नाही. आम्ही सातही जणांनी सह्या केल्या. त्याने कागद वाचला, स्वतःच्या हाताने डॅशबोर्डवर चिकटपट्टीने लावला. सही मात्र केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद तिथे लावलेला असताना चारोटी येईपर्यंत फोन दहा वेळा वाजला. त्याने उचलला नाही, पण दर वेळी त्याचे डोळे तिकडे गेले. चारोटीला आम्ही चहाला थांबलो तेव्हा त्याने फोन माझ्यापुढे धरला.

"बघा मॅडम. सही तुमची, रिंग पण तुमचीच."

यादीत सगळ्यात पहिला मिस्ड कॉल माझा होता. घराला कुलूप लावताना हात आपोआप गेला होता. त्याखाली सर, सिस्टर, आशागडचे दोघं, गुरुजी, आणि ज्यांना आपली रिंग पोहोचली की नाही अशी शंका आली त्यांनी पुन्हा दिलेल्या. नऊ कॉल आमचे. ज्या माणसाने फोनला हात लावू नये असं आम्ही लिहून दिलं होतं, त्याला फोन करणारे आम्हीच होतो.

"आणि हा दहावा?" मी विचारलं.

"घरचा."

चहाचा ग्लास हातात फिरवत त्याने सांगितलं. फार बोलला नाही. बायकोला सातवा महिना चालू होता. त्याआधीच्या खेपेला तिचं पोट दुखायला लागलं तेव्हा तो वेवजीकडे भाडं घेऊन गेला होता. तिथे फोन गुजरातचा टॉवर पकडायचा. त्या काळी रोमिंगमध्ये आलेल्या कॉललाही बॅलन्स लागायचा आणि त्याच्या फोनमध्ये तो नव्हता. त्याचा सख्खा भाऊ घरून दुपारभर फोन लावत होता. एकही लागला नाही. संध्याकाळी गाडी चारोटीला आली आणि सगळे मेसेज एकामागोमाग येऊन पडले.

"पोर गेलेलं तवर," तो म्हणाला. "ती वाचली. मला कोणी काय बोललं नाय. तीपण नाय बोलली. पण या टायमाला माझा फोन बंद नाय राहणार. तुम्ही गाडी बदला, मी वाईट नाय मानणार."

सरांनी चहा खाली ठेवला. सिस्टर लगेच कामाला लागल्या. नोंद कुठे केली, शेवटची तपासणी कधी, रक्त किती आहे, गोळ्या घेते की कोनाड्यात ठेवते. त्याला निम्मी उत्तरं येत नव्हती. सिस्टर रागावल्या आणि येत्या रविवारी स्वतः घरी येते म्हणाल्या.

मला तेव्हा एवढंच सुचलं की आम्ही चार दिवस चुकीच्या गोष्टीवर भांडलो होतो. "फोन बंद नको," मी म्हटलं. "फक्त तुमच्या हातात नको. माझ्याकडे द्या. गाडी चालू असेपर्यंत मी उचलीन."

त्याने थोडा विचार केला. "सर कुठे बसतील?"

हाच खरा अडथळा होता. फोन उचलणारी पुढे बसायला हवी, म्हणजे तो बोलणं ऐकू शकेल, गरज पडली तर उत्तर देऊ शकेल. सर उठले, छत्री घेतली आणि मधल्या सीटवर जाऊन बसले. "चौतीस वर्षं नोकरी केली," ते सिस्टरना म्हणाले, "आणि आता वरणाच्या शेजारी." पण बसले.

त्या दिवसापासून मिस्ड कॉल माझ्या फोनवर यायला लागले आणि त्याचा फोन सकाळ संध्याकाळ माझ्या मांडीवर. मी वहीचं एक पान त्याच्यासाठी केलं. बायकोचा, भावाचा, गावातल्या जीपवाल्याचा, सिस्टरचा नंबर. खाली रस्त्याचे तुकडे. फोन गंजाडच्या आधी आला तर सरळ घरी. गंजाड ते चारोटीच्या मध्ये आला तर तिथेच वळायचं. हायवेवर आला तर वळायला दुभाजक कुठे तुटलाय, त्या जागा. तलासरीच्या पुढे असेल तर त्याने दर तासाला रेंज तपासायची आणि बॅलन्स ठेवायचा.

एका गोष्टीवर मात्र एकमत होईना. फोन आलाच, तर त्याला सांगायचं कधी?

"लगेच," सर म्हणाले. "बातमी त्याची आहे. ती अडवायचा आपल्याला काय अधिकार?"

"आधी गाडी बाजूला, मग बातमी," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर फोन मॅडमच्या मांडीवर असून काय फायदा? कानात शेवटी तेच जाणार."

ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. "मॅडम, लगेच सांगा. लपवायचं नाय. एकदा उशिरा कळलंय मला."

मी त्याला शब्द दिला. लगेच सांगीन. वहीत लिहिलंसुद्धा.

पुढच्या दोन महिन्यांत मी त्या माणसाच्या आयुष्याची टेलिफोन ऑपरेटर झाले. चिकूचा व्यापारी, हळदीसाठी व्हॅन मागणारे, चुकून लागलेला कोणी गुजराती काका जो रोज चुकूनच लावायचा आणि माझ्याशी हवापाण्याचं बोलून ठेवायचा. त्याच्या बायकोने पहिले तीन दिवस माझा आवाज ऐकून कॉल कापला. चौथ्या दिवशी विचारलं, "तुम्ही कोण?"

"त्यांच्या गाडीतली मॅडम."

"ते कुठं हायत?"

"गाडी चालवतायत. म्हणून मी घेतला."

"मग बराय."

तिथून ती रोज बोलायला लागली. दोन वाक्यं, तीन वाक्यं. पाय सुजलेत. सिस्टर आल्या होत्या, ओरडल्या. रात्री झोप नाय. मी ते सगळं मोठ्याने त्याला सांगायची आणि तो रस्त्यावरची नजर न हलवता उत्तर द्यायचा, ते मी तिला सांगायची. "ते म्हणतात, पाणी भरायला जाऊ नको." "त्यांना सांगा, मग तुम्ही भरा." मागची सीट हसायची. सिस्टरनी हे दोन दिवस ऐकलं आणि मलाही झापलं. "मॅडम, तुम्ही फोन धरलाय की हा दळणवळण विभाग उघडलाय? त्याला गाडी चालवू द्या." मग मी निरोप लिहून ठेवायला लागले आणि चारोटीच्या चहाला वाचून दाखवायला लागले.

फोन आला तो सकाळीच, हायवेवर. चारोटीला गुरुजींना घेऊन आम्ही दहाएक मिनिटं पुढे आलो होतो. डावीकडे कंटेनर, मागे ट्रक, आमच्या पुढे आणखी एक ट्रक. मांडीवर फोन थरथरला. तिचं नाव.

"मॅडम, सुरू झालं," ती म्हणाली. श्वास लागला होता, पण आवाज घाबरलेला नव्हता. "जीप आलीय. डहाणूच्या दवाखान्यात नेतायत. त्यांना आता नका सांगू. गाडी पळवतील. थांबले की सांगा. सांगाल ना तसंच?"

मी हो म्हटलं. फोन ठेवला. म्हणजे एकाच गोष्टीचे दोन शब्द मी दोघांना दिले होते, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध होते.

"कोण?" त्याने विचारलं.

डाव्या बाजूचा कंटेनर अजून बरोबरच चालला होता. बाजूला घ्यायला जागाच नव्हती. मला काहीतरी बोलायला हवं होतं आणि जे पहिलं तोंडात आलं ते मी बोलले.

"आमच्या ऑफिसमधून होता."

दोनच क्षण गेले असतील.

"माझ्या फोनवर?" तो म्हणाला.

मागे सिस्टरनी सरांचा हात धरला असावा, कारण सर काहीतरी म्हणायला गेले आणि थांबले. मी समोर बघत राहिले. त्याने वेग वाढवला नाही. उलट कमी केला. कंटेनरला पुढे जाऊ दिलं, डावा इंडिकेटर दिला, मागचा ट्रक हॉर्न मारत निघून जाईपर्यंत थांबला आणि एका पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर गाडी पूर्ण कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. किल्ली काढून मुठीत धरली.

"आता सांगा."

मी सांगितलं. जीप आलीय, डहाणूला नेतायत, ती स्वतः बोलली, आवाज चांगला होता.

"तुम्ही लगेच सांगणार होतात."

"तिने नको म्हटलं. तू पळवशील म्हणाली." इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं होतं आणि ते माझ्या नंतर लक्षात आलं.

पुढचं सिस्टरनी हातात घेतलं. पंक्चरवाल्याकडून त्याला पाणी आणवलं. तोंड धू, दोन मिनिटं बस, मगच चावी लाव. मी वही उघडून दुभाजक पुढे कुठे तुटलाय ते दाखवलं. सिस्टर त्याच्याबरोबर पुढे बसणार, फोन त्यांच्याकडे. बाकीचे आम्ही सहा जण तिथेच उतरलो. कोणाला सांगावं लागलं नाही. सरांनी खिडकीतून आत वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सावकाश जा. गणितात घाई केली की उत्तर चुकतं." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "चला, आता जीप अडवा, नाहीतर मला पुन्हा मस्टरवर लाल रेघ."

व्हॅन गेली. आम्ही रस्त्याच्या कडेला डबे घेऊन उभे राहिलो. तलासरीच्या जीपमध्ये आधीच बारा माणसं होती, त्यात आम्ही सहा घुसलो. कचेरीत मी तासभर उशिरा पोहोचले. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी कारण सांगितलं नाही, नुसती सही केली.

दुपारी सिस्टरचा फोन आला. "मुलगी. अडीच किलो. दोघी छान." मग हळूच म्हणाल्या, "अहो, वाटेत दोनदा वाजला फोन. याने विचारलंच नाही कोण म्हणून. मीच शेवटी आशागडला गाडी थांबवून सांगितलं की जीप पोहोचली. पुढच्या रस्त्यात मग बडबडत होता नुसता."

तो दवाखान्याच्या दाराशी पोहोचला तेव्हा तिला आत नेऊन अर्धा तास झाला होता. बाळ अजून यायचं होतं. या वेळी तो तिथे होता.

पाचव्या दिवशी तो कामावर आला. पेढे आणले होते. माझ्याशी नीट बोलला नाही. पेढा दिला, एवढंच. मला वाटलं, राग धरलाय आणि तो त्याचा हक्क आहे. मी शब्द मोडला होता. सर तिथेच उभे होते. पुढची सीट त्यांना सोडून मी मधल्या सीटकडे निघाले, पण त्याने पुढचं दार उघडून मला खूण केली आणि गाडी सुरू करण्याआधी खिशातून फोन काढून माझ्या मांडीवर ठेवला.

त्यानंतर फोन स्वस्त झाले, बोलणं फुकट झालं, मिस्ड कॉलची माझी भाषा मेली आणि तिच्या जागी एक ग्रुप आला, ज्यात सर रोज सुप्रभात टाकायचे. रोमिंगही गेलं. पण माझी बदली होईपर्यंत, आणखी तीन वर्षं, त्याचा फोन माझ्याकडेच राहिला. गाडी चालवताना फोनवर बोलण्याचा दंड वाढणार, वाढू नये, यावर वर्तमानपत्रांत रकाने भरून येत होते तेव्हा मी डहाणूलाच नोकरी करत होते, चालत जात होते आणि माझ्या मांडीवर कोणाचाच फोन नव्हता. पहिले कित्येक दिवस सकाळी हात रिकामा वाटायचा.

त्या तीन वर्षांत तिचे फोन थांबले नव्हते. गंजाड गेलं की वाजायचाच. आज उपडी वळली. आज दात आला. आज मातीच खाल्ली. मी हळू आवाजात ऐकायची, वहीत लिहायची आणि कधी कधी मलाच हसू आवरायचं नाही. तो समोर बघत गाडी चालवत राहायचा. असंच एकदा मी बराच वेळ हसत होते आणि त्याच्याने राहवलं नाही.

"मॅडम, फोन माझा, बायको माझी, पोरगी माझी," तो म्हणाला. "आणि या गाडीत मला सोडून सगळ्यांना माहीत असतं काय झालं ते."

"चारोटी येऊ दे," मागून सिस्टर म्हणाल्या.

त्याने वेग मुळीच वाढवला नाही.